वैजनाथ नांगर उचलतो

नांगराचं पहिलं तास, म्हणजे पहिला चर, घालताना वैजनाथ दरेकर जमिनीकडे बघत नाही. रानाच्या पलीकडच्या बांधावरचं एखादं झाड, विजेचा खांब, काहीच नसेल तर कुणालातरी तिथे उभं करून तो माणूस, अशी एक खूण तो नजरेत धरतो. ट्रॅक्टरच्या बॉनेटचा मध्य त्या खुणेवरून हलू देत नाही. चारशे पावलं जाऊन तो मागे वळतो तेव्हा ताज्या मातीची रेघ दोरी ताणल्यासारखी पडलेली असते. काष्टीपासून सात किलोमीटरवरच्या बोरमाळ गावात सहा ट्रॅक्टर भाड्याने नांगरट करतात, पण अशी रेघ दुसऱ्या कुणाची पडत नाही. हे गाव मान्य करतं आणि वैजनाथही लाजत नाही.

"सरळच जातंय," तो म्हणतो. "वाकडं जायला त्याला काय झालंय?"

वैजनाथ सव्वीस वर्षांचा आहे. बारावीला इंग्रजीत नापास झाला, मग श्रीगोंद्याला आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा कोर्स केला. वडील पुंजाराम यांनी शेवटची बैलजोडी काष्टीच्या बाजारात विकली त्या वर्षी घरी ट्रॅक्टर आला आणि पहिल्या दिवसापासून स्टेअरिंग वैजनाथच्या हातात राहिलं. त्याला आता सात वर्षं झाली. एप्रिल आणि मे हा त्याचा हंगाम. ज्वारी निघून गेलेली असते, रानात नुसती धसकटं उभी असतात आणि पाऊस पडायच्या आत माती उलथून तापू द्यायची असते. या दोन महिन्यांत वैजनाथ घरी फक्त जेवायला आणि झोपायला येतो.

नेमक्या याच दोन महिन्यांत त्याच रानात आणखी एकाचा संसार चालू असतो. माळटिटवी, पिवळ्या गालांची, पायांनी लांब, आवाजाने त्याहून लांब. ती झाडावर जात नाही. उघड्या मुरमाड जमिनीवर बशीएवढा खळगा करते, भोवती चार खडे मांडते आणि अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीचा, त्यावर काळपट डाग. तीन पावलांवर उभ्या माणसाला ती दिसत नाहीत, मग ट्रॅक्टरवर बसलेल्याला कुठून दिसणार.

वैजनाथला हे ठाऊक झालं ते तीन वर्षांपूर्वी, पूजामुळे. पूजा बोरमाळचीच, शेतकऱ्याची मुलगी, तेव्हा श्रीगोंद्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. गावातली सहा पोरं-पोरी गोळा करून तिने मार्च-एप्रिलमध्ये माळावरची घरटी मोजली होती. एकोणीस निघाली. मेअखेर पुन्हा फेरी मारली तर त्यातली चौदा नांगरली गेली होती. कोणतं रान कुणी नांगरलं हे तिने वहीत लिहिलं आणि ती वही घेऊन एका दुपारी ट्रॅक्टरसमोर उभी राहिली. वैजनाथने इंजिन बंद केलं.

"वैजूदादा, चौदातली नऊ तुमच्या नांगराखाली गेली."

"मोजून ठिवलीस व्हय?"

"हो."

"मला एकबी दिसलं न्हाई."

"दिसत नाहीत म्हणून तर मोजली."

वैजनाथला त्या रात्री पक्ष्यांची दया आली असं तो सांगत नाही. त्याला खटकलं ते वेगळंच. चारशे पावलांवरचा खांब नजरेतून न सोडणाऱ्या माणसाच्या बॉनेटसमोरून नऊ घरटी गेली आणि त्याला पत्ता नव्हता. हे कामात कच्चं असल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पूजाच्या दारात गेला आणि म्हणाला, "कशी शोधायची ते दाव."

शोधायची रीत साधी निघाली, फक्त चिकाटीची. उद्या जे रान नांगरायचं तिथे आज सकाळी सहाला सगळ्यांनी एका ओळीत उभं राहायचं, दोघांत दहा पावलांचं अंतर ठेवायचं आणि हळू चालायचं. पक्षी उठला की तिथल्या तिथे थांबायचं, मागे सरायचं, लांबून बघायचं आणि तो परत कुठे बसतो ते हेरायचं. खूण म्हणून झेंडी लावायची नाही. पहिल्या वर्षी त्यांनी बांबूला लाल फडकं बांधलं होतं तर दोन शेतकऱ्यांना ती रस्त्याच्या भूसंपादनाची मोजणी वाटली आणि झेंड्या उपटून त्यांनी थेट तलाठी कार्यालय गाठलं. आता घरट्यापासून वीस पावलांवर, बांधाच्या बाजूला, दगडावर दगड ठेवतात. अंडी हुंगत फिरणाऱ्या कुत्र्याला त्यातून काही कळत नाही आणि वैजनाथला सगळं कळतं.

नांगरताना काय करायचं हे मात्र त्याचं त्यानेच बसवलं. घरट्याभोवती तीन पावलांचं बेट सोडायचं. बेट आलं की लिफ्टचा दांडा ओढून नांगर वर घ्यायचा, बेटाला वळसा घालायचा आणि पलीकडे पुन्हा त्याच तासावर नांगर टाकायचा. पाच-सहा फेऱ्यांना हे करावं लागतं. उचलणं कुणालाही जमेल. टाकताना दोन बोटंही इकडेतिकडे झाली तर पुढची रेघ वाकडी होते, मग तिच्या शेजारची आणि मग सगळं रान. पहिल्या वर्षी त्याची दोन रानं अशी वाकडी गेली. चहाच्या टपरीवर लोकांनी विचारलं, "वैज्या, रातच्याला घेतलीवती का रं?" त्याने ते ऐकून घेतलं, आणि रिकाम्या रानात दगड मांडून, दगडालाच घरटं समजून, हात बसेपर्यंत फेऱ्या मारल्या.

आई रंगुबाईंना हे सगळं पसंत नव्हतं. टिटवी घरावरून ओरडत गेली की काहीतरी वाईट होतं असं त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या.

"दुसरं कुठलं पाखरू न्हाई मिळालं तुला?" त्या म्हणाल्या. "मोर हाय, चिमनी हाय."

"मोर नांगराखाली येत न्हाई, आई."

दुसऱ्या वर्षी त्याच्या हातून जी चूक झाली ती या मुलखातल्या माणसाच्याच हातून व्हावी अशी होती.

बोरमाळमध्ये, आणि आसपासच्या सगळ्याच गावांत, टिटवीची अंडी बघून पावसाचा अंदाज बांधतात. अंडी उंचवट्यावर असली की पाऊस जास्त, खोलगटात असली की कमी. जितकी अंडी तितके महिने पाऊस. अंड्यांची टोकं जमिनीकडे असतील तर चांगलं, आडवी असतील तर पाऊस ओढ देणार. टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते, त्यामुळे चार महिने पाऊस हा अंदाज जवळपास दरवर्षी निघतो. पाऊस पडला नाही की टोकं बघण्यात चूक झाली असं ठरतं. यात कुणी कुणाला फसवत नाही. सगळ्यांनाच मे महिन्यात काहीतरी चांगलं ऐकायचं असतं.

मागच्या वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात वैजनाथला एका टेकाडावर घरटं सापडलं. चार अंडी, टोकं आत आणि खाली. हे त्याचं स्वतः शोधलेलं पहिलं घरटं. त्याने मोबाईलवर फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. खाली लिहिलं: उंचवट्यावर चार अंडी, यंदा पाऊस जोरात. दहा मिनिटांत तो फोटो गावाच्या ग्रुपवर गेला. अकरा वाजता माळावर चाळीस माणसं होती. कुणी मोटरसायकलवर आलं, कुणी नातवाला खांद्यावर घेऊन. मोबाईलवर बातम्या दाखवणारा एक जण माइक घेऊन आला. लोक वाईट नव्हते. कुणी अंड्याला हात लावला नाही, चप्पल काढून लांब ठेवणारेही होते. ते फक्त बघत उभे राहिले, एक गेला की दुसरा, दुपारी दोनपर्यंत. दोन्ही टिटव्या डोक्यावर ओरडत फिरत राहिल्या.

मे महिन्यात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. कडक उन्हात अर्धा तास उघडी राहिली की अंडी आतल्या आत शिजतात. ही तीन तास राहिली. टिटवी पुढचे अकरा दिवस त्यांच्यावर बसली आणि मग निघून गेली.

पूजाने वहीत घरट्याचा क्रमांक लिहिला, तारीख लिहिली आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला: आम्ही.

"मी लिव," वैजनाथ म्हणाला. "तुमी कुठं हुता?"

"एकच वही आहे, वैजूदादा. सगळ्यांची."

तेव्हापासून या गटातलं कुणीही घरट्याचा फोटो काढत नाही आणि जागा कुणाला सांगत नाही. घरच्यांनाही नाही.

यंदा गटाने एक पाऊल पुढे टाकायचं ठरवलं. वैजनाथ एकटा नांगर उचलून किती उचलणार? माळावर आणखी पाच ट्रॅक्टर फिरतात. एप्रिलच्या ग्रामसभेत पूजा उभी राहिली आणि तिने दोनच गोष्टी मागितल्या. माळावरचं रान नांगरायच्या आदल्या दिवशी गटाला कळवावं, आणि माळावर रात्रीची नांगरट करू नये, कारण दिव्याच्या उजेडात दगडाची खूण दिसत नाही. ज्यांची रानं माळावर आहेत असे चाळीसएक शेतकरी समोर बसले होते. कुणी नाही म्हटलं नाही, कुणी हो म्हटलं नाही. सगळ्यांनी रामहरीनानांकडे पाहिलं.

रामहरीनाना अडुसष्ट वर्षांचे. माळाच्या मधोमध त्यांचं अकरा एकर सलग रान, आणि माळावरची सगळ्यात जास्त घरटी तिथेच. नानांनी ज्या आठवड्यात पेरलं त्या आठवड्यात माळ पेरतो. दरवर्षी टिटवीची अंडी बघून पावसाचं सांगायचं तेही नानांनीच. ते उठले आणि टोपी नीट केली.

"पोरी, तुजं खोटं हाय असं मी म्हनत न्हाई. पर मधी बेटं सोडून रान नांगरलं की रेघ मोडती. रेघ मोडली की पेरायची पाभर वाकडी, पाभर वाकडी की गवत काढायचं कोळपं पिकात जातंय. तीन महिने निस्तरायचं कुनी? टिटवीनं?"

लोक हसले. वैजनाथ मागे भिंतीला टेकून उभा होता. तिथूनच बोलला.

"नाना, रेघ मोडनार न्हाई."

"कोन, वैज्या व्हय? बरं. मंग माझ्याच रानात करून दाव. रेघ सरळ राहिली आन् पिल्लं निघाली, तर ही पोरगी म्हनती तसं माळावर करू. मी सांगीन सगळ्यांना." नाना थांबले. "दोन्हीतलं एक जरी हुकलं, तर पुन्हा हा इषय माळावर काढायचा न्हाई. पुढच्या सालीबी न्हाई."

"चालंल," वैजनाथ म्हणाला.

सभा सुटल्यावर पूजाने त्याला गाठलं. "विचारायचं तरी आधी. पिल्लं निघणं आपल्या हातात आहे का?"

"रेघ माझ्या हातात हाय. पिल्लाचं तू बघ."

नानांच्या रानात या वर्षी एकच घरटं निघालं, पण अगदी मध्यावर. पूजाच्या हिशोबाने अंडी घालून वीस दिवस झाले होते. साधारण अठ्ठावीस ते तीस दिवसांत पिल्लं बाहेर येतात. आणखी दहा दिवस थांबता आलं असतं तर प्रश्नच नव्हता, पण नाना थांबणार नव्हते आणि थांबून वैजनाथला काही सिद्धही करता आलं नसतं. मंगळवारची सकाळ ठरली. घरट्याजवळच्या फेऱ्या नऊच्या आत संपवायच्या, म्हणजे ऊन चढायच्या आधी. त्यासाठी बाहेरचं रान वैजनाथने सोमवारीच नांगरून काढलं आणि मधला पट्टा तेवढा ठेवला.

मंगळवारी सव्वासातला तो ट्रॅक्टर घेऊन बांधावर पोचला तेव्हा रामहरीनाना आधीच तिथे होते. सोबत गावातले दोघे-तिघे. पूजा त्यांच्यापुढे आडवी उभी होती.

"काय झालं?" वैजनाथने विचारलं.

"नानांना अंडी बघायची आहेत," पूजा म्हणाली.

"बघायची हायेतच," नाना म्हणाले. "गेल्या साली बघितली ती मेली. यंदा गाव मला इचारतंय, पावसाचं काय. मी काय सांगू, पोरांनी बघू दिलं न्हाई? आरं, माझं रान हाय. माझ्या रानात मला जायला तुमची चिठ्ठी लागती व्हय?"

"नाना, माणूस चालत गेला की ती लगेच उठते आणि मग लवकर येत नाही," पूजा म्हणाली. "त्यात आज वर नांगर चालणार. दोन्ही एकदम झालं तर ती सोडून जाईल."

"एक मिनिट बघतो न् येतो."

"गेल्या वर्षीही सगळे एकेकच मिनिट बघत होते."

हे बोलणं नानांना लागलं. पण ते मागे सरले नाहीत. त्यांच्या मागचे दोघे पुढे सरकले. पूजाने वैजनाथकडे पाहिलं. सात-वीस झाले होते. असंच आणखी अर्धा तास चाललं असतं तर नांगरट पुढे गेली असती, ऊन वर आलं असतं आणि हे घरटंही वहीच्या त्याच रकान्यात गेलं असतं.

वैजनाथ इतके दिवस ट्रॅक्टरवर बसून एक गोष्ट बघत आला होता आणि ती त्याने कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटलं नव्हतं. माणूस पायी आला की टिटवी साठ पावलांवरून उठते आणि गेल्यावर वीस-पंचवीस मिनिटं फिरकत नाही. ट्रॅक्टर दहा पावलांवर येईपर्यंत ती बसून असते आणि पुढे गेला की लगेच परत येते. तिला भीती माणसाची, लोखंडाची नाही. वर माणूस बसलाय हे तिला कळत नसावं.

त्याने डाव्या मडगार्डवरची धूळ फडक्याने पुसली.

"नाना, वर या."

"कुठं?"

"हितं. बसा. तुमाला अंडी बघायची हायेत ना? दावतो. पर पाय खाली टेकायचा न्हाई आन् मी थांबायचो न्हाई. जाताजाता जेवढं दिसंल तेवढं."

"या वयात मडगार्डावर बसू व्हय मी?"

"लग्नाच्या वरातीला बसला हुता की मागच्या मार्गशीर्षात."

मागचे दोघे हसले. नाना हसले नाहीत, पण त्यांनी धोतराचा सोगा आवरला, वैजनाथचा हात धरला आणि पायरीवर पाय ठेवून वर चढले.

"घट्ट धरा," वैजनाथ म्हणाला. "मला न्हाई, दांडीला."

पहिली फेरी बेटाच्या कडेने जाणारी होती. वैजनाथने पलीकडच्या बांधावरचं बाभळीचं झाड नजरेत धरलं, नांगर टाकला आणि पहिल्या गियरमध्ये निघाला. दगडाची खूण आली. टिटवी अंड्यांवर तशीच बसलेली, मान ताठ. बारा पावलं, दहा पावलं. ती उठली, चार पावलं बाजूला धावली आणि तिथेच उभी राहून ओरडू लागली. वैजनाथने दांडा ओढला, नांगर मातीतून वर आला, ट्रॅक्टर बेटाला वळसा घालून गेला आणि पलीकडे नांगर पुन्हा तासात बसला. नानांना त्या फेरीला काहीच दिसलं नाही. ते पक्ष्याकडेच बघत राहिले.

"खाली बघा, नाना. पाखराकडं न्हाई. काटकी पडलीय तिच्या उजव्या अंगाला."

बांधावर पूजा मोबाईलवर वेळ मोजत होती. तीन मिनिटं वीस सेकंदांनी टिटवी परत बसली.

दुसऱ्या फेरीला नाना वाकून तयारीत होते. पक्षी उठला, आणि त्यांना दिसलं. मातीच्या रंगाची चार अंडी, टोकं आत, जशी कुणी मापाने मांडलेली. नानांनी दांडी सोडली आणि वैजनाथचा दंड पकडला.

"चार हायेत! वैज्या, चार!"

नेमका तेव्हाच वैजनाथ वळसा संपवून नांगर टाकत होता. हात हलला. नांगर तासाच्या बाहेर पडला, चार बोटं असेल, आणि पुढे तसाच गेला. वैजनाथला ते बुडाखालीच कळलं, मागे वळून बघायची गरज पडली नाही. पंचवीस-तीस पावलांत थोडं थोडं दाबत त्याने नांगर पुन्हा रेघेवर आणला. नानांना यातलं काही कळलं नाही. ते अजून मागे बघत होते.

वळणावर ते म्हणाले, "बैलावर आमीबी उचलायचो."

"काय?"

"नांगर. टिटवी उठली की बैल थांबवायचे, नांगर उचलायचा न् पलीकडं ठिवायचा. समदेच करायचे. तुझा बापबी. कुनी सांगितलं न्हवतं. बैलाच्या मागं चालतोय मानूस, त्याला पायाशी काय हाय ते दिसतंय." त्यांनी ट्रॅक्टरच्या चाकाकडे पाहिलं. "ह्याच्यावरनं कुठलं दिसनार."

वैजनाथने हे पहिल्यांदाच ऐकलं. त्याने मान हलवली आणि पुढची फेरी घेतली. एकूण सहा फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी टिटवी पाच मिनिटांच्या आत परत आली. साडेआठला मधला पट्टा संपला, आणि तांबूस ताज्या मातीत धसकटांचं एक छोटं बेट उरलं, माजघरातल्या चटईएवढं. त्यावर पक्षी बसलेला होता.

आता रेघ बघायची होती. रामहरीनाना मडगार्डवरून उतरले, बांधावर गेले, गुडघे टेकले आणि एक डोळा मिटून नजर जमिनीच्या पातळीला आणली. पाभर धरणारी जुनी माणसं तास असंच बघतात. पूजा त्यांच्याकडे बघत होती, इतर लोक रानाकडे. नाना एका तासावरून दुसऱ्या तासावर सरकत गेले. एके ठिकाणी थांबले.

"हितं बाहेर गेलाय."

"व्हय," वैजनाथ म्हणाला. "दुसऱ्या फेरीला. चार बोटं. पुढं तीस पावलांत रेघंवर आनून घातलं."

"कसं काय गेलं?"

वैजनाथ खोटं बोलला असता तर कुणाला कळलं नसतं, आणि खरं बोलला तर नाना लोकांसमोर ओशाळले असते. त्याने खरं सांगितलं, नेहमीच्याच आवाजात.

"नाना, तुमी हात धरला माझा. अंडी दिसली तवा."

नानांनी आठवून पाहिलं. मग गुडघ्याची माती झटकत उठले.

"धरला व्हय? मंग ती रेघ माझी." त्यांनी बाकीच्यांकडे पाहिलं. "बाकी समद्या ह्याच्या. बघा कुनाला बघायच्यात तर."

दोघांनी गुडघे टेकून पाहिल्या. तिसऱ्याने तसदी घेतली नाही.

संध्याकाळी घरी वैजनाथने वडिलांना विचारलं, "बाबा, तुमी बैलावर टिटवीसाठी नांगर उचलायचा?"

पुंजाराम खाटेवर रेडिओ लावून पडले होते. "उचलायचो की."

"मला कधी सांगितलं न्हाई."

"त्यात सांगायचं काय?" पुंजाराम म्हणाले आणि रेडिओचा आवाज वाढवला.

रेघेचा निकाल लागला होता, पिल्लांचा नव्हता. पुढचे नऊ दिवस गटातलं कुणीतरी सकाळ-संध्याकाळ लांबच्या बांधावरून दुर्बीण लावून बसत होतं. चौथ्या दिवशी एक मुंगूस बेटापर्यंत गेलं आणि दोन्ही टिटव्यांनी त्याला ढेकळांतून पार विहिरीपर्यंत पळवलं. सहाव्या दिवशी तासभर वादळी वारा सुटला. पूजा त्या दिवशी जेवली नाही असं तिची आई सांगते, पूजा ते नाकारते. वैजनाथ दुसऱ्या रानांत नांगरत होता. तिथे आणखी दोन घरटी निघाली, दोन्ही वेळा त्याने नांगर उचलला. घरट्याची खबर तो फक्त संध्याकाळी फोनवर घेत होता.

"बसलीय का?"

"बसलीय."

"मंग ठीक हाय."

दहाव्या दिवशी सकाळी पूजाला पक्षी अंड्यांवर दिसला नाही. मग बेटाच्या कडेला तो दिसला, आणि त्याच्या पायाशी मातीच्या रंगाचे दोन गोळे हलत होते. थोड्या वेळाने तिसरा. चौथं अंडं फुटलं नाही. दुपारपर्यंत तिन्ही पिल्लं नांगरटीच्या ढेकळांत शिरली आणि पुन्हा काही सापडली नाहीत. या पक्ष्यांचं तसंच असतं, अंड्यातून निघाल्यावर काही तासांत जागा सोडतात. पूजाने वहीत लिहिलं: चार अंडी, तीन पिल्लं. कारणाचा रकाना तिने रिकामा सोडला.

खबर सांगायला ती आणि वैजनाथ नानांच्या ओट्यावर गेले. तिथे पाच-सहा जण बसले होते.

"तीन निघाली, नाना," पूजा म्हणाली. "एक अंडं तसंच राहिलं."

"तीन म्हंजे निघालीच की," नाना म्हणाले. "मी पिल्लं निघाली तर म्हनलो हुतो. चारच्या चार असं कुठं म्हनलो?"

एकाने हळूच विचारलं, "नाना, मंग पाऊस तीन महिने धरायचा का चार?"

नानांनी पूजाकडे पाहिलं. तिने ओठ दाबून धरले. नाना म्हणाले, "अंडी चार बघितली मी. चार धरा." मग ते ओट्यावरच्या माणसांकडे वळले. "आन् ऐका. माळावर नांगर लावायचा तर आदल्या दिशी ह्या पोरीला फोन करायचा. रातची नांगरट बंद. माझं झालंय, आता तुमचं."

वैजनाथ धरून सहापैकी पाच ट्रॅक्टरवाल्यांनी ते ऐकलं. सहावा अजून रात्रीच नांगरतो आणि दिवसा उन्हात कोण मरेल म्हणतो. त्याच्या रानांवर गटाने या हंगामात सात घरटी गमावली. पूजाच्या वहीत ती आहेत. पुढच्या वर्षी त्याच्याशी बोलायला पूजा जाणार नाही, वैजनाथ जाणार आहे, कारण दोघं आयटीआयला एका बाकावर होते आणि पान्याने बोल्ट आट्यात कसा बसवायचा हे त्याला वैजनाथनेच शिकवलं होतं. "ऐकंल," वैजनाथ म्हणतो. बाकी चार जणांना नांगर उचलून त्याच तासावर टाकायला शिकवण्यात त्याचे दोन रविवार गेले. त्यातल्या दोघांना जमलं. उरलेल्या दोघांच्या रेघा अजून वाकड्या जातात आणि त्यांना टपरीवर तोच प्रश्न विचारला जातो, रातच्याला घेतलीवती का.

मेअखेरची फेरी झाली तेव्हा माळावरच्या तेवीस घरट्यांपैकी चौदा टिकली होती. तीन वर्षांपूर्वी एकोणिसातली पाच टिकली होती.

नानांच्या रानात जूनमध्ये बाजरी पेरली गेली. पाभर बेटाला वळसा घालून गेली. पिल्लं कधीच गेली होती आणि बेट मोडायला हरकत नव्हती, पण नानांनी गड्याला तसं सांगितलं नाही आणि गड्यानेही विचारलं नाही. आता तिथे हात-दोन हात गवत आहे आणि चारी बाजूंनी सरळ ओळीत बाजरी. दुसऱ्या फेरीच्या जागी ओळ चार बोटं बाहेर येते आणि पुन्हा आत जाते. बांधावरून ती सहज दिसते, आणि कुणी वैजनाथला त्यावरून छेडलंच तर तो रामहरीनानांच्या घराकडे बोट दाखवतो.

त्याच्या फोनवर हल्ली वेगळी मागणी येते. मेच्या शेवटच्या आठवड्यात शेजारच्या वाडीतून एकाचा फोन आला.

"वैजूशेठ, आमच्या रानातबी एक बसलीय. नांगरायला कधी येता?"

"परवा. तवर तिकडं कुनाला सोडू नका."

"न्हाई सोडत. पर मलाबी वर बसवा की. आन् आमचं म्हातारंबी येतो म्हनतंय."

"मडगार्डं दोनच हायेत," वैजनाथ म्हणाला. "दोघंच या. आन् माझा हात धरायचा न्हाई."